पाय धुऊन आत

नाना माणसाकडे पाहायचे ते खालून वर. आधी पाय, मग पायात वहाणा असल्या तर वहाणा, बरोबर सायकल असली तर तिची चाकं, आणि एवढं सगळं तपासून सवड उरली तर चेहरा. गावात कुणी नवं माणूस आलं की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, जरा सैल झाले की जातही विचारतात. नाना विचारायचे, "कोना वावरमाईन उनात?" म्हणजे कुणाच्या शेतातून आलात. बाकीच्या माहितीशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

ते माझे घरमालक. चोपड्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या अंगाला थोडं आत वळलं की ते गाव लागतं. साठ-पासष्टच्या सुमारास मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले. मी धुळ्याची, नुकतं ट्रेनिंग संपलेली, अंगाने काडी आणि तोंडाने फटकळ. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि खोली शोधताना गावाने मला ते विसरू दिलं नाही. खोली दाखवायचे, भाडं ठरायचं, चहाचं आधण चढायचं. मग कुणीतरी सहज आडनाव विचारायचं, आणि घरमालकाच्या पुतण्याला नेमका त्याच खोलीत अभ्यास करायचा असायचा. इतके अभ्यासू पुतणे मी पुढे कुठल्या गावात पाहिले नाहीत.

शेवटी हेडमास्तर म्हणाले, "नानांकडे विचारून पाहा. माणूस वाईट नाही. फक्त जरा..." आणि त्यांनी डोक्याजवळ बोट फिरवलं.

नानांचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. रस्ता सोडून मळ्यात शिरायच्या तोंडाशीच एक दगडी डोणी होती, गुरांना पाणी पाजायला असते तशी. शेजारी पितळेचा तांब्या आणि काथ्याचा घासणा. नाना तिथेच उभे होते. उंच, खांद्यात वाकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मी नाव सांगितलं आणि आडनावही आपणहून सांगून टाकलं; म्हटलं, त्यांचा चहा तरी वाचेल. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते माझ्या चपलांकडे पाहत होते.

"खोली शे," ते म्हणाले. "पन पाय धोईसन येवा लागी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दारातून परत पाठवणारे बरे, असं वाटलं. मी म्हटलं, "सगळ्यांना धुवायला लावता, की मलाच?"

त्यांनी मान वर केली. प्रश्न त्यांना समजलाच नव्हता.

"बठ्ठास्ले," ते म्हणाले, म्हणजे सगळ्यांनाच. "सायकलले बी सांगस."

तेवढ्यात मागून पोस्टमन आला. त्याने सायकल डोणीपाशी उभी केली, कुणी न सांगता दोन्ही चाकं घासली, पाय धुतले आणि चपला हातात घेऊन आत निघाला. नानांनी त्याला अडवलं. "टाच राहिनी." पोस्टमनने निमूट टाच धुतली. जाता जाता मला म्हणाला, "बाई, मुकाट्याने धुवा. परवा तलाठी धुऊन गेला."

तलाठ्यालाही धुवावे लागले हे ऐकून मी धुतले. रागातच धुतले, पण धुतले.

नाना तरुणपणी पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला गेले होते. वडील वारल्यावर शिक्षण अर्धं टाकून परत आले. तिथल्या कुणा प्रोफेसरांनी त्यांना केळीचं एक मूळ भिंगाखाली दाखवलं होतं. त्या दिवसापासून जमिनीच्या वरचं जग त्यांच्या लेखी दुय्यम झालं. परत येताना ते एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक विकत घेऊन आले. लेकीच्या बाळपणीच्या दुपट्यात गुंडाळलेला तो देवघराशेजारी असायचा, आणि खरं सांगायचं तर देवांपेक्षा त्याची पूजा जास्त व्हायची. माझी वळकटी सोडून व्हायच्या आत त्यांनी मला हाक मारली. "बाई, देखा."

मी डोळा लावला. उजेडाच्या गोल तुकड्यात केसाएवढा बारीक, पारदर्शक असा एक जीव वळवळत होता.

ते सूत्रकृमी. मातीत राहतात आणि मुळं खातात. मुळांना गाठी येतात, वरून केळ हिरवीगार दिसते, पण घड बारीक पडतो आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या वावटळीने झाड मुळासकट आडवं होतं. लोक वाऱ्याला शिव्या देतात. नाना म्हणायचे, "वरनं देखू नका, खाले देखा." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं, जे ते प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगत: "त्याले पाय नहीत. तो आपला पायवर चालस."

हा किडा स्वतः फार लांब जात नाही. या वावरातून त्या वावरात तो जातो माणसाच्या तळव्याला चिकटून, बैलाच्या खुरात, नांगराच्या फाळाला, सायकलच्या चाकाला. म्हणून ती डोणी. बैलांचेही खूर धुतले जायचे, आणि बैल आमच्यापेक्षा कमी कुरकुर करायचे.

डोणी हा त्यांचा एक नेम. दुसरा नेम हिवाळ्याचा, आणि त्यावर तर अख्खं गाव हसायचं. जुना केळीचा बाग काढून टाकला की मोकळ्या जमिनीत लोक रब्बीचा गहू नाहीतर हरभरा घेतात. नाना तिथे एका पट्ट्यात ताग पेरायचे आणि एका पट्ट्यात झेंडू लावायचे, दाट. दिवाळी होऊन गेल्यावर, थंडीत, नानांचं वावर पिवळंधमक. रस्त्याने जाणारे ओरडायचे, "नाना, कोनं लगीन शे?" पुढे तागाला फूल धरायला लागलं की नाना ते सगळं उभं पीक, फुलांसकट, कापून नांगराने मातीत गाडून टाकायचे. हसणाऱ्यांची हसून हसून तोंडं दुखायची.

त्यामागचा हिशेब त्यांनी मला ओट्यावर बसून समजावला होता. या पिकांच्या मुळांवर त्या किड्याचं पोट भरत नाही, पोरंबाळं वाढत नाहीत. "पाव्हना उपाशी राहिना म्हंजे मुक्काम करस नही," ते म्हणाले. आणि मग तोच हिरवा पाला कुजून जमिनीला मिळतो. पुढच्या पावसाळ्यात तिथे नवा बाग लावायचा.

फुलं मागायला बायका यायच्या. नाना कुणाला नाही म्हणत नसत, पण वावरात पाऊलही टाकू देत नसत. स्वतः ओंजळी भरभरून तोडायचे आणि रस्त्यापर्यंत आणून द्यायचे. देवाला, लग्नाला, प्रेताला, सगळ्यांना सारखीच.

वांग्याचं भरीत हा खानदेशी माणसाचा जीव. थंडी पडली की शेताशेतात काड्यांवर वांगी भाजली जातात. नानाही कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत चापून खायचे, पण स्वतःच्या मळ्यात वांग्याचं एक झाड लावत नसत, कारण त्या किड्याला वांगं आपल्याइतकंच आवडतं. कुणी भरताला बोलावलं की जेवण झाल्यावर नाना यजमानाच्या वावरातलं एक वांग्याचं झाड उपटून त्याची मुळं बघायचे आणि सगळ्यांदेखत मान हलवायचे. हळूहळू आमंत्रणं कमी झाली. मग यजमानच वांगी आणून द्यायला लागले, रस्त्यापर्यंत.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी एका पोराच्या टाचेची माती पाण्यात कालवून भिंगाखाली धरली आणि सगळ्या वर्गाला रांगेने दाखवली. दुसऱ्या दिवसापासून वर्ग हापशावर. पायही धुवायचे, पाटीही, दप्तरही. एक आई भांडायला आली की पोरगं म्हशीचे पाय धुतल्याशिवाय तिला गोठ्यात घेत नाही. मी नानांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "हुशार शे पोऱ्या."

नानांची बायको लवकर गेली होती. एकच लेक, सुमन. ती यावलच्या बाजूला एका मोठ्या बागायतदारांच्या घरी दिलेली. व्याही म्हणजे तालेवार माणूस. त्यांची केळी रेल्वेने दिल्लीला जात, दारात जीप होती. लेकीला सासरी सुख होतं. पण ती माहेरी यायची ती आखाजीला, आणि कधी सासऱ्यांच्या मनात आलं तर संक्रांतीला.

आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. भर उन्हात झाडाझाडांना झोके बांधले जातात आणि लेकी माहेरी येऊन गाणी म्हणतात. पहिल्या वर्षी मी पाहिलं, नाना आठवडाभर आधी लिंबाला दोर बांधून स्वतः लोंबकळून बघत होते, तुटतो का म्हणून. सुमन आली. डोणीपाशी बसली, घासण्याने पाय घासले, मग वळून टाचा वर करून दाखवल्या आणि खळखळून हसली. "नाना, देखा, राहिनी का?"

"नही राहिनी," नाना म्हणाले. मातीखेरीज दुसरं न बोलणारा तो माणूस मग दिवसभर झोक्याला धक्के देत होता. मला माझ्या वडिलांची आठवण आली, आणि नानांविषयी जो थोडा संशय मनात कुठेतरी अजून दबा धरून होता, तोही त्या दिवशी गेला.

मळ्यातलं काम भागाबाई आणि तिची टोळी करायची. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या बौद्धांची वस्ती. गाव अजून तिला जुन्याच नावाने ओळखायचं. भागाबाई तिथली वयस्क, पाठीने ताठ, शब्दाने नेमकी. सुरुवातीला तिच्या जावेने तिला बजावलं होतं, तो म्हातारा पाय धुवायला लावतो, कळत नाही का तुला का ते? भागाबाईने उत्तर दिलं, "तो तलाठीले बी लावस." त्या एका उत्तरावर ती टोळी वर्षानुवर्षं नानांकडे राहिली होती. मीही त्याच उत्तरावर राहिले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात व्याही आले.

शिरपूरला काही कामाला आले होते, वाटेत जीप वळवली. थेट स्वतःच्या बागेतून आलेले असावेत, बुटांना ओली काळी माती. डोणीपाशी उतरले. नानांचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. व्याही डोणीकडे न बघता सरळ आत शिरले, झेंडूच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"नाना, गव्हाच्या हंगामात फुलं? सुमन सांगत होती, मला खोटंच वाटलं." त्यांनी बुटाची टाच मातीत रोवून ओल पाहिली. "जमीन झकास आहे हो. का वाया घालवता?"

 ज्या माणसाने तलाठ्याला, पोस्टमनला, एकदा तर मोटारीतून आलेल्या साहेबालाही सोडलं नव्हतं, तो तांब्याशेजारी मुका उभा होता. आपल्यात मुलीचा बाप व्याह्यांचे पाय धुतो. त्यांना धुवायला सांगत नाही. पलीकडे तागाच्या कडेने गवत काढणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाहत होत्या. मी ओट्यावरून पाहत होते.

व्याही जेवून गेले. जीप दिसेनाशी झाल्यावर नाना खुरपं आणि पाटी घेऊन वावरात उतरले. जिथे जिथे बुटाचा ठसा होता तिथे गुडघ्यावर बसून त्यांनी माती खरवडली, पाटीत भरली आणि रस्त्याच्या पार पलीकडे नेऊन टाकली. पुन्हा आले, पुन्हा बसले. एकही ठसा ठेवला नाही. बघताना हसू यायला हवं होतं. कुणाला आलं नाही.

सकाळी भागाबाई टोळी घेऊन डोणीपाशी उभी राहिली. "नाना, आज आम्ही पाय धोवाव नहीत."

"मंग आत येता येवाव नही," नाना सवयीने म्हणाले.

"आम्हले धोवाले लावतस, आन तेस्ना मांगे तुम्हीन सोता माती उचलतस. काबरं?"

"याही शेतस ते." म्हणजे व्याही आहेत ते.

"आन आम्ही?"

 भागाबाईने थोडा वेळ वाट पाहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटलं. मग तिने खुरपं कमरेला खोचलं आणि बाया निघून गेल्या.

ताग फुलावर आलेला. याच वेळी कापून गाडला तर तो मातीत मिळतो. थांबलं तर काड्या निबर होतात, सडत नाहीत. नाना एकटेच विळा घेऊन बसले. दिवसभरात एक कोपरासुद्धा झाला नाही. दुसरी माणसं मिळाली असती, पण त्यांनी ती बोलावली नाहीत.

मी वस्तीत गेले तेव्हा भागाबाईने मला विचारलं, "बाई, तुम्हीन तेस्ना घरमा राहतस. पाय धोतस का?"

"धुते."

"मंग आते?"

ती रागाने बोलत नव्हती. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. राहिले तर एका खोलीसाठी मिंधी झाले म्हणतील, आणि गेले तर गावात दुसरी खोली नाही, वस्तीत घरच्यांनाच जागा पुरत नव्हती, म्हणजे नोकरीवरच पाणी. इकडे आड, तिकडे विहीर. पण त्याहून मला झोंबलं ते दुसरंच. ज्या एका जागी मी मनात काही न धरता वाकून पाय धुतले होते, तिथेही शेवटी तेच निघालं का, हे मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसून एक मूळ चिरत होते. मी म्हटलं, "नाना, मी खोली सोडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. "काबरं?"

"तुमच्या डोणीवर मी विश्वास ठेवला तो तलाठ्यामुळे. भागाबाईनेही त्याच्यामुळेच ठेवला. सगळ्यांना एक नियम, म्हणून आम्ही वाकलो. आता एकाला सूट दिलीत. एकाला सूट दिली की ती डोणी किड्यांसाठी राहत नाही नाना, ती माणसांसाठी होते."

त्यांनी हातातलं मूळ उलटसुलट केलं. मग म्हणाले, "अंडेर तेस्ना घर शे, बाई." लेक त्यांच्या घरात आहे.

"ठाऊक आहे मला."

"तोंड उघडं व्हतं मी. आवाजच निघना नही." त्यांनी चाकू खाली ठेवला. "संक्रांतलगून थांबा."

संक्रांतीला व्याही सुमनला घेऊन येणार होते. मी थांबले.

त्या दिवशी नाना सकाळपासून डोणीपाशी उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. डोणी घासून ताजं पाणी भरलेलं. जीप आली तेव्हा भागाबाई आणि तिच्या बाया दुसऱ्या कुणाच्या वावरात कापूस वेचायला निघाल्या होत्या. त्या रस्त्यातच थांबल्या.

व्याही उतरले. नाना आडवे आले नाहीत, नुसते तांब्या घेऊन पुढे आले. तांब्या काठोकाठ भरलेला, पाणी धोतरावर सांडत होतं.

"याही, पाय धोवा."

व्याह्यांना आधी गंमत वाटली. "अहो, मी काय मजूर आहे का?"

"मजूर धोतस," नाना म्हणाले. "तुम्हीनच धोतस नही." मग जरा थांबून म्हणाले, "मी धोस तुम्हना पाय. पन धोयाबिगर आत नका या."

व्याह्यांनी रस्त्यात उभ्या बायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. त्या बायांच्या ओळीत आपल्याला उभं केलंय, एवढंच त्यांना कळलं. सुमन तोवर चपला हातात घेऊन एक पाय खाली टाकून उतरत होती.

"सुमन, बस गाडीत."

तिने नानांकडे पाहिलं. नानांनी तिला "ये" म्हटलं नाही, "जा" म्हटलं नाही. ते तिच्या जमिनीवर टेकलेल्या पायाकडे पाहत होते. तो पाय वर गेला. जीप वळली. मग नानांनी तांब्यातलं पाणी परत डोणीत ओतलं, हळूहळू, थेंबही बाहेर न सांडता, आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता भागाबाई टोळी घेऊन आली. एकेकीने पाय धुतले आणि वावरात उतरली. ताग निबर झाला होता, विळ्याला दाद देत नव्हता. बायांच्या हातांना फोड आले.  नाना बांधावर उभे होते, पण त्या दिवशी त्यांनी कुणाच्या टाचा पाहिल्या नाहीत.

मी खोली सोडली नाही. आखाजी जवळ आली तसा नानांनी लिंबाला झोका बांधला. नेहमीसारखं लोंबकळून पाहिलं. आखाजीला गावभर गाणी चालली होती. आमच्या लिंबाखाली दोर नुसता वाऱ्याने हलत होता आणि नाना त्याच्याकडे पाठ करून खुरप्याला धार लावत होते. मी बोलले त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. जे बोलायला हवं होतं तेच बोलले. पण त्या दुपारी मला वाटलं, जगात कुठल्याही खोलीचं भाडं इतकं महाग नसेल.

सुमन पुढच्या आखाजीलाही आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

त्या वावरात लावलेल्या केळीचं एक मूळ नानांनी वर्षभराने काढलं, पाटाच्या पाण्यात धुतलं आणि हातावर धरलं. पांढरंशुभ्र, जानव्यासारखं. गाठी अगदी नव्हत्याच असं नाही, पण शोधाव्या लागत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते मूळ उजेडात फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "सुमनले दखाडतू." सुमनला दाखवलं असतं. आणि ते मूळ त्यांनी पाटात सोडून दिलं.

पुढे माझी बदली शिरपूरला झाली. जाणं-येणं कमी झालं, तरी हिवाळ्यात एखादी फेरी व्हायची. सत्तरीचं दशक निम्मं सरलं असेल, कुणीतरी सांगितलं, नानांना अर्धांग झालंय. मी बस पकडून गेले.

थंडी होती. झेंडू फुललेला, तागाला नुकतं फूल धरत होतं. नाना घरात नव्हते. त्यांची बाज डोणीच्या आतल्या अंगाला, बांधावर ठेवलेली. रोज सकाळी भागाबाईचा मुलगा आणि आणखी कुणी बाज उचलून तिथे आणायचे. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. भागाबाई जवळच बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते, पाठ तेवढीच ताठ. मी दिसताच नानांचे डोळे माझ्या पायांकडे गेले. मी धुतले. टाचाही धुतल्या. मग ते हसले, अर्ध्या तोंडाने.

मी बाजेपाशी बसले होते तेव्हा जीप आली.

ती का आली ते मला नीटसं कळलं नाही. कुणी म्हणत, व्याह्यांचा बाग वावटळीने आडवा झाला आणि मुळं पाहून त्यांना धक्का बसला. कुणी म्हणत, बाप अंथरुणावर आहे कळल्यावर सुमनने पायी निघायची तयारी केली होती. मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

सुमन उतरली. थोराड झाली होती, चेहरा ओढलेला. तिला धावत यायचं होतं, ते दिसत होतं. पण ती डोणीपाशी बसली आणि घासण्याने पाय घासायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती घासत होती, आधी पाऊल, मग बोटं, मग टाचा. नंतर उठून आली आणि नानांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. नानांचा डावा हात तिच्या केसांवर फिरत राहिला.

व्याही जीपमध्येच होते. बऱ्याच वेळाने उतरले. म्हातारे झाले होते. डोणीपाशी आले, दगडावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. वाकताना त्यांना त्रास होत होता. बूट निघाले, मोजे निघाले. तांब्या भागाबाईजवळ होता. ती उठली, तांब्या भरून घेतला, आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिली.

"पानी टाकू?"

तिने विचारलं ते अगदी साध्या आवाजात.  ज्या घरात आमच्या सावलीचाही विटाळ धरला गेला असेल, त्या घरातला तो कर्ता पुरुष होता, आणि ती त्याच्या उत्तरासाठी थांबली होती. सुमनही मान वर करून पाहत होती. व्याह्यांनी भागाबाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं, आणि मग पलीकडे बाजेकडे.

"टाका, बाई," ते म्हणाले.

भागाबाईने धार धरली. त्यांनी दोन्ही पाय पुढे केले, हाताने चोळले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

बाजेवरून आवाज आला. आधी कुणाला कळलंच नाही, नुसता घशात अडकलेला खरखरीत आवाज. नानांनी उशीवरून मान उचलली होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सगळा जीव गोळा करून त्यांनी शब्द बाहेर काढला.

"टाच..."

आम्ही सगळे थांबलो. व्याही अर्धे उठलेले तसेच थांबले.

"...राहिनी."

व्याह्यांनी खाली पाहिलं. मग ते पुन्हा दगडावर बसले आणि त्यांनी पाय वळवून टाच पुढे केली. भागाबाईने तांब्या परत भरून घेतला.